साठ्यांच्या समीरची शाळा

आमची बाल्कनी साठ्यांच्या स्वयंपाकघराला अगदी लागून, त्यामुळे किस्से गोळा करायला मला कधी जिना उतरावा लागला नाही. ह्यांच्या बदलीने आम्ही जयपूरला, प्रताप नगरात आलो, तेव्हापासून ते साठताहेत. पण सगळ्यात जास्त जमले ते गेल्या वर्षी.

साठ्यांच्या सायलीने नववीत घरी सांगितलं की मी मुलगा आहे, माझं नाव समीर. डॉक्टर म्हणाले, त्याचं ऐका. शाळा कॉन्व्हेंटची. मुलींचा युनिफॉर्म, सलवार-कमीज, घालून पाऊल ठेवणार नाही, म्हणून तो घरी बसला. आणि नववीतच नाव बोर्डाकडे जातं. एकदा गेलं की बदलायला नाकी नऊ येतात.

*

समजूत घालायला मी गेले. म्हणजे काय चाललंय ते बघायला. हातात शंकरपाळ्यांचा डबा.

विचारलं, "बाळा, हे तुझं कधी ठरलं?"

तो शांतपणे म्हणाला, "काकू, मतलब, तुमचं बाई व्हायचं कधी ठरलं होतं?"

डबा तिथेच ठेवून आले.

*

शाळेने डॉक्टरांचं पत्र मागितलं, मग मीटिंगा झाल्या, मग निरोप आला की पॅंट चालेल. मीनल, म्हणजे त्याची आई, युनिफॉर्म घ्यायला निघाली. सोबत मी होतेच. दुकानदाराला ती सगळं पहिल्यापासून सांगत बसली. गळ्यात टेप अडकवून त्याने निमूट ऐकलं. म्हणाला, "भाभीजी, वो सब ठीक है. कमर कितनी है?"

*

प्रार्थनेला मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे. टीचरला काही सुचेना. ऑफिसातून कळेपर्यंत तिने समीरला माईकपाशी उभं केलं. ऑफिसातून आठवडाभर काही कळलं नाही. तोवर खालच्या वर्गातल्या पोरांची समजूत झाली की हा नवा हेडबॉय. दोघं तर आयकार्ड विसरलो म्हणून त्याला सॉरी म्हणून गेले!

*

पालकसभेत एका वडिलांनी बाथरूमचा विषय काढला. प्रिन्सिपल सिस्टर म्हणाल्या, तो माझ्या ऑफिसशेजारचं वापरतो. तिथला नळ गळतो, दाराची कडी लागत नाही. तुमच्या मुलाला हवं असेल तर सांगा, अदलाबदल करू.

वडिलांनीच विषय मिटवला.

*

राहिला नाव बदलायचा अर्ज. साठ्यांनी सही केली होती, मीनलची होत नव्हती. शेवटच्या दिवशी सिस्टरांनी तिला बोलावलं. साठे बँकेत, म्हणून मी गेले.

अर्ज समोर, पेन हातात, आणि मीनल रडतेय. म्हणाली, सायली हे नाव मी ती पोटात असतानाच ठेवलं होतं.

सिस्टरांनी पाण्याचा ग्लास सरकवला. त्या केरळच्या, हिंदी सावकाश बोलतात. म्हणाल्या, "नन झाले तेव्हा माझंही नाव बदललं. आई भेटायला आली ती जुनंच नाव सांगत राहिली. गेटवरची सिस्टर नवीन होती. अशी कोणी इथे राहत नाही, म्हणाली. आई दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. तशीच परत गेली."

मीनलने डोळे पुसले. "मग?"

"पुढच्या वर्षी पुन्हा आली. माझं नवं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं."

मीनलने अर्ज पुढे ओढला.