जित्ती की मेली

नालवाडीच्या वळणावर हेमराजचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाभूळ आणि हेमराजचा उजवा हात. जुन्या मोटारसायकलीची प्लगला ठिणगी देणारी कॉइल तपासायला त्याने आयुष्यात मीटर घेतला नाही. प्लगची टोपी काढायची, वायरच्या टोकाला बोट लावायचं, डोळे मिटायचे आणि गाडीवाल्याला म्हणायचं, "मारा किक." बोटाला झटका बसला की कॉइल "जित्ती", नाही बसला की "मेली". पायाखाली टायरचा तुकडा असायचा, म्हणून झटका बोटापुरताच. त्या झटक्यावरून कॉइल अजून किती महिने काढेल तेही तो सांगायचा, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते खरं ठरायचं.

मी, अश्वजित, आंजीच्या शाळेत मास्तर. माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी आहे. तिला दोन सिलिंडर, दोन कॉइली, त्यामुळे डोकेदुखीही दुप्पट. यंदा एप्रिलात तिची डावी बाजू बंद पडली. उजव्या बाजूवर कशीबशी फटफटत मी भर दुपारी हेमराजकडे पोचलो.

गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. एके काळी तिथे टेकायला जागा नसायची. हल्ली लोक म्हणायचे, हेमराज चांगल्या कॉइली बदलायला लावतो आणि गाडी मात्र तशीच राहते. मी त्यांच्याशी भांडलो होतो. सरळ माणसाला उतारवयात लबाड ठरवायला आपल्याकडे फार कष्ट पडत नाहीत.

त्याची बायको सीताबाई चहा घेऊन आली. "सर, तुमीच सांगा यायले. काल तापल्या सायलेन्सरले हात टेकून बसले. फोड आला तरी पत्ता नाई. शुगरची गोळी घेतच नाईत."

"जाय वं तू," हेमराज म्हणाला. त्याने कढत ग्लास मुठीत धरला होता. मला माझा रुमालाशिवाय धरवत नव्हता.

मग त्याने डाव्या वायरला बोट लावलं. मी किक मारली.

"मेली."

उजवीला लावलं. पुन्हा किक.

"हे बी मेली."

"हेमराजभाऊ, उजवीवरच त आलो मी इथपर्यंत."

"आता मेली असन. मारा किक."

मी पाच-सहा वेळा मारली. तो आधी बोट टेकवत होता, मग दाबू लागला, शेवटी वायर मुठीत आवळून डोळे घट्ट मिटून उभा राहिला. मी म्हटलं, "सरका, मी लावून पायतो."

त्याने किक मारली. माझा दुसरा हात इंजिनवर होता. झटका खांद्यापर्यंत गेला आणि शाळेत शोभणार नाही अशी शिवी माझ्या तोंडून निघाली.

हेमराज हसला. मग हसू तसंच राहिलं आणि चेहरा उतरत गेला. "डावी बी पायजा बरं," तो हळूच म्हणाला.

डावीनेही मला तसंच फेकलं. दोन्ही कॉइली ठणठणीत होत्या. डावा प्लग तेवढा काजळीने बुजला होता. पोरसवदा मेकॅनिकनेही तो आधी काढून पाहिला असता.

बाकाखालून हेमराजने पत्र्याचा डबा ओढला. दिवाळीपासून मेल्या म्हणून काढलेल्या कॉइली त्यात होत्या. "ह्या लावून पाहू?"

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांकडे पाहून माझ्याने ते झालं नाही. एकेक कॉइल तो गाडीला जोडायचा, किक मारायचा आणि माझ्या हाताकडे बघत राहायचा. पहिलीला हात उडाला. दुसरीला उडाला. तिसरी खरंच गेलेली निघाली, तेव्हा त्याला केवढा आनंद झाला. चौथीला पुन्हा उडाला.

"लोकायच्या चांगल्या कॉइली मारल्या मी," तो म्हणाला आणि खाली टायरच्या तुकड्यावर बसला. माझं बोट लाल झालं होतं. त्याने ते आपल्या फोड आलेल्या हातात घेतलं.

"दुखते?"

"दुखते."

"कसं दुखते, सांगा ना सर."