आमच्याकडे सगळं छान आहे

जर्मन सरकार कुणाच्याही दुःखात मागे राहत नाही. त्याला लगेच चिंता वाटते. २००९च्या उन्हाळ्यात इराणमध्ये निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर लाठ्या-गोळ्या चालल्या, आणि इकडे कार्ल्सरूहेत आमच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी नेटका टाय लावून कुणीतरी चिंता व्यक्त करू लागलं.

तेव्हा सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, जन्मभर इंग्रजी शिकवलेलं आणि इथे जर्मनचं एक अक्षर कळत नाही याचा राग. बातम्या मीच त्यांना मराठीत सांगायचे. पहिल्या दिवशी सांगितलं, यांना चिंता वाटते. दुसऱ्या दिवशी, जरा जास्त वाटते. आठवडा संपेपर्यंत ती अत्यंत गंभीर झाली होती.

"अगं, पण करतायत काय?" त्यांनी विचारलं.

"वाटतेय ना, आई," मी म्हटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक इराणी शेजारीण राहायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिचा धाकटा भाऊ तेहरानला कॉलेजात शिकवायचा आणि मोर्चात गेला होता. त्याच्या दोन सहकाऱ्यांना घरातून उचलून नेलं, तेव्हापासून तो रोज वेगळ्या मित्राकडे झोपत होता. पासपोर्ट अजून त्याच्या हातात होता. तो काढून घेण्याआधी देश सोडायचा, तर मार्ग एकच दिसत होता: बहिणीला भेटायला म्हणून जर्मनीचा व्हिसा.

टीव्हीवर चिंता करणारं सरकार आणि व्हिसा देणारं सरकार एकच आहे, अशी शेजारणीची भाबडी समजूत होती. वकिलातीत जाऊन खरं काय ते सांगितलं की काम होईल, असं ती म्हणाली. मला हसू आलं. जर्मनीतल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. आईवडिलांना बोलवायचं तर एकच गोष्ट पटवावी लागते, की हा माणूस इथे राहणार नाही, मुकाट परत जाईल. त्या गुणाला जर्मनमध्ये मालगाडीएवढा लांब शब्द आहे. म्हणजे ज्या शूर जनतेचं रोज संध्याकाळी कौतुक चाललं होतं, तिच्यातल्या एखाद्याला इकडे यायचं असेल, तर त्याने आधी सिद्ध करायचं की आपल्याला आपल्या हुकूमशहांशिवाय करमत नाही.

या विषयात आमच्या गोतावळ्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या व्हिसाच्या वेळी त्यांनी समोरच्या साहेबाला ठणकावलं होतं की तुमच्या थंडीत राहतंय कोण, माझी बाग आहे, माझी भिशी आहे. त्यांनी मोहीम हाती घेतली. रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर. तिकडे भाऊ, इकडे सासूबाई वकिलातीतला साहेब होऊन बसलेल्या, आणि शेजारीण बाजूला नखं खात.

देशातली परिस्थिती कशी आहे, असं त्या इंग्रजीत विचारायच्या. तो बिचारा खरं सांगायला लागायचा.

"चूक," त्या मध्येच तोडायच्या. "आमच्याकडे सगळं छान आहे, असं म्हण. परत कधी जाणार? सुट्टी संपली की लगेच."

त्याचा आवाज कापला की त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. काही दिवसांनी तो इतकं गोड खोटं बोलायला लागला की ऐकून शेजारीण रडली. मलाही गलबलून आलं. सासूबाईंनी मात्र त्याला पास केलं.

वकिलातीनेही केलं. सासूबाई पुण्याला परतल्या आणि थोड्याच दिवसांत तो फ्रँकफर्टला उतरला. पहिले काही दिवस नुसता झोपला, रोज त्याच एका बिछान्यात. मग त्याने रीतसर आश्रय मागितला.

मुलाखत घेणारे गृहस्थ अगदी सभ्य होते. त्यांनी पाणी दिलं, दुभाषी दिला आणि शांतपणे विचारलं, "वकिलातीत तर तुम्ही सांगितलंत, तिकडे सगळं छान आहे. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

शेजारणीने हे मला जिन्यात सांगितलं, तेव्हा मी संतापले. इराणमध्ये सगळं छान आहे, असं त्या वर्षी अख्ख्या जर्मनीत कुणी म्हणत नव्हतं. मंत्री नाहीत, वर्तमानपत्रं नाहीत, आमचा ब्रेडवालाही नाही. सरकारने शोधून शोधून एकच साक्षीदार काढला आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. अर्ज फेटाळला गेला. वकिलाने अपील केलं आणि निकालापर्यंत त्याची रवानगी तासाभरावरच्या गावातल्या निर्वासितांच्या वसतिगृहात झाली. तिथला नियम असा, की परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. बहिणीचं घर जिल्ह्याबाहेर होतं.

दिवाळीत सासूबाईंचा फोन आला. भाऊबीजेला त्याला ओवाळायला सांग तिला, म्हणाल्या. शेजारणीला ही कल्पना फार आवडली. मग भावाने एका दिवसाची परवानगी मागितली. कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, कशासाठी जायचंय? बहिणीला भेटायला, तो म्हणाला. परत कधी येणार? लगेच, संध्याकाळीच. तुमच्या वसतिगृहात सगळं छान आहे.

परवानगी मिळाली. तो आला, ओवाळून घेतलं, बहिणीच्या हातचा भात खाल्ला आणि उजेड असतानाच स्टेशनवर गेला. रात्री मी सगळं फोनवर सासूबाईंना सांगितलं.

"म्हणताना आवाज कापला नाही ना गं त्याचा?" त्यांनी विचारलं.