फाटकापर्यंतचं बर्लिन

आमच्या पळसदेवात कुणाचं परदेशी जायचं ठरलं की आधी पासपोर्ट काढतात आणि मग रणजिततात्यांना गाठतात. तात्या माझे चुलत सासरे. वय बावन्न, तीन एकर केळी, आणि एका जागी पाच मिनिटं बसणं म्हणजे काय हे माणसाला ठाऊक नाही. चहा उभ्यानं पितात. जेवताना मध्येच उठून मोटर चालू आहे का बघून येतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या केळी उत्पादक गटातून अकरा जण बर्लिनला फळांच्या प्रदर्शनाला गेले, त्यांत तात्याही होते. जाताना चौकात फ्लेक्स लागला, विमानाच्या पंखाशेजारी तात्यांचा फेट्यातला फोटो. परत आल्यावर शाळेत त्यांचं व्याख्यान झालं. तेव्हापासून परदेशी निघालेला जो तो आमच्या अंगणात येतो.

आणि खोटं कशाला बोलू, सल्ला खणखणीत असतो. भवानीनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलाच्या पदवीदानाला निघाले होते, कन्हेरीची एक मुलगी कसल्याशा परिषदेला. दोघांनाही तात्यांनी येरझाऱ्या घालत घालत तयार केलं.

"तिकीट काढलं म्हंजी झालं न्हाय. फलाटावर येक डबडं असतंय, त्यात घालून तिकिटावर शिक्का मारायचा, मगच गाडीत पाय ठिवायचा. तपासनीस साध्या कपड्यात हिंडतोय, वळखू येत न्हाय. ऐतवारी दुकानं बंद, तवा दशम्या आन् चटणी बांधून न्या. पाणी नळाचं प्या. इकतच्या बाटलीत बुडबुडं असत्यात, तहान भागत न्हाय. रस्ता मोकळा दिसला तरी सिग्नलात लाल माणूस हाय तंवर थांबायचं, तिकडच्या म्हाताऱ्या बाया तोंडावर रागावत्यात. बूट येक नंबर मोठं घ्या, आत दोन मोजं बसलं पायजेत. आन् फोनात तिकडचं कार्ड घातल्याबिगर विमानात चढू नका."

शेवटी एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. "तितं येक गाडी गावाभवती गोल फिरती. वाट चुकली तर घाबरायचं न्हाय, तिच्यात बसून ऱ्हायचं. तासाभरात परत हाय तितंच."

मी घरची सून, चहा माझ्याच हातचा, त्यामुळं हे सगळं मला पाठ झालं होतं. ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली होती. तात्यांचं बर्लिन प्रदर्शनाच्या फाटकापर्यंत यायचं आणि तिथं थांबायचं. फाटकाला किती खांब आहेत ते सांगतील, समोरच्या झाडाखाली बाकडं आहे ते सांगतील. पण आत काय होतं म्हणून विचारलं की, "लय मोठं हाय. बघितल्याबिगर कळायचं न्हाय," आणि गाडी परत बुटांवर. मला वाटायचं, इंग्रजी येत नाही, आतलं काही उमगलं नसेल, लाजत असतील बिचारे. मी विषय सोडून द्यायची.

यंदा बर्लिनला पाठवायला गटानं आत्यांचं नाव पुढं केलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, शकुबाई. सत्तावन्न वर्षांच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. मामंजी गेल्यावर बारा वर्षं बाग त्यांनी एकटीनं सांभाळली, आणि घडावर एवढासा डाग दिसला तर तो बाजूला काढणारी अशी दुसरी बाई आमच्या भागात नाही. यंदा प्रदर्शनात गटाला स्वतःचं एक टेबल मिळालं होतं. तिथल्या एका व्यापाऱ्यानं गटाचा सचिव सुयोग याला कळवलं होतं की माल पाहिला, आवडला, आता पिकवणाऱ्या बाईंशीच बोलायचंय. वेळही ठरली होती, पहिल्या दिवशी सकाळी दहा. दुपारी त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. म्हणजे आत्या दहाला आत हव्यातच, नाहीतर गटाची वर्षभराची खटपट पाण्यात.

हे ठरलं आणि तात्यांच्या पायाला भिंगरीच लागली. दिवसातून तीनदा यायचे. आल्या आल्या पहिला प्रश्न, "पास कुठं ठिवलाय?" पास म्हणजे सुयोगनं छापून दिलेला एक साधा कागद, वर नाव आणि बरोबर मध्यावर ठिपक्यांचा तो काळा चौकोन. तात्यांनी तो हातात घ्यायचा, उलटा करायचा, सुलटा करायचा आणि परत द्यायचा. एके दिवशी खास बारामतीला जाऊन प्लास्टिकचं कव्हर घेऊन आले आणि पास स्वतःच्या हातानं त्यात घातला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्येचा फोटू काढून फोनात ठिवा, वहिनी." आत्या म्हणाल्या, "कागद हाय की हातात, फोटू कशाला?" तात्या ओसरीवरून चुलीपाशी, चुलीपासून ओसरीवर. फरशी झिजायची तेवढी राहिली.

शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, "तात्या, एक तर बसा, नाहीतर घरी जा." ते गेले. मी भांडी घासायला बसले तोच दारात परत हजर. "पास कव्हरातच हाय न्हवं?"

मला वाटलं, यांना आत्यांचा हेवा वाटतोय. गेल्या वर्षीचा फ्लेक्स उतरला, आता नवा लागणार, माणूस आहे, जळणारच. असं मी अविराजला, माझ्या नवऱ्याला, बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

निघायचा दिवस सोमवार. मुंबईला जाणारी गाडी अकराला यायची होती. अंगणात चाळीसएक माणसं जमली होती, आत्यांबरोबर जाणारा सुयोग होता, भवानीनगरचे ते गृहस्थही निरोपाला आले होते. आमच्याकडं कुठलीही महत्त्वाची वस्तू आधी देवापुढं जाते. ट्रॅक्टरची किल्ली असो, दहावीचं हॉलतिकीट असो, ओलं कुंकू लागल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. आत्यांनी ताटात पासपोर्ट ठेवला, विमानाचं तिकीट ठेवलं, आणि पास ठेवताना कव्हरातून बाहेर काढला.

"आसू द्या की कव्हरात," तात्या दारातून म्हणाले.

"देवाला काय पिलास्टिक दावायचं?" आत्या म्हणाल्या. पासपोर्टला कुंकू लागलं, तिकिटाला लागलं. पासावरचा तो चौकोन तर कुंकवासाठीच जागा सोडल्यासारखा मधोमध. आत्यांनी बोट वाटीत बुडवलं.

"वहिनी, थांबा."

तात्या एका पायातली चप्पल तशीच ठेवून देवघरापर्यंत आले होते. आत्यांचं बोट हवेत राहिलं.

"त्या चौकोनावर कुंकू लावू नका. मशीन वाचत न्हाय."

"काय तर बोलतोस. गेल्या साली तुझ्या पासाला मीच लावलं हुतं की. ह्याच देवापुढं. तू गेलासच न्हवं आत?"

तात्यांनी मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात सुयोग, त्याच्यामागं भवानीनगरचे गृहस्थ, त्यांच्यामागं सगळी भावकी. अजूनही निभावून नेता आलं असतं. 'माझं नशीब चांगलं हुतं, माझं चाललं,' एवढं तात्यांनी म्हटलं असतं तरी झालं असतं. सतत वळवळणारा तो माणूस खांबासारखा उभा होता.

"न्हाय गेलो, वहिनी."

मग खाली बघत त्यांनी सगळं सांगितलं. मार्केटला पहाटे पोचलं तर मोक्याची जागा मिळते, ही हाडात मुरलेली सवय. म्हणून बाकीचे झोपेत असताना हे एकटेच निघाले आणि सहा वाजता फाटकापुढं जाऊन उभे राहिले. बर्फ पडत होतं. नऊला फाटक उघडलं. पास मशीनखाली धरला, लाल दिवा. पुन्हा धरला, पुन्हा लाल. कुंकू घासून काढायला गेले तर कागदच काळालाल झाला. रखवालदारानं एका खिडकीकडं बोट केलं. खिडकीतली बाई विचारत होती की पास कुठल्या ईमेलवर काढलाय. तो होता सुयोगच्या, आणि तात्यांना तो सांगता येईना. फोनात तिकडचं कार्ड नव्हतं. बाकीचे दहा जण दुसऱ्याच फाटकानं आत गेले होते, आणि सगळ्यांना वाटत होतं तात्या दुसऱ्या कुठल्या तरी दालनात असतील.

"सांजच्याला सुयोग म्हणला, तात्या, कसं वाटलं? त्वांडातनं निघून गेलं, लय मोठं हाय. येकदा म्हणलं ते म्हणलं. दुसऱ्या दिवशी कुनाला सांगू, काल बी मी भाईरच हुतो म्हणून?"

"मग प्रदर्शनाचे तीन दिवस होता कुठं?" सुयोगनं विचारलं.

"त्या गोल गाडीत. घाण्याच्या बैलावाणी. दर तासाला प्रदर्शन खिडकीतनं यायचं. झेंडं दिसायचं. उतरावं वाटायचं. दार उघडायचं, मिटायचं, गाडी म्होरं."

मला एकदम कळलं, तात्यांना शिक्क्याचं डबडं आणि लाल माणूस इतका चोख का ठाऊक होता. शहर तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. ते त्यांनी पै-पाहुण्यांना मोकळ्या हातानं वाटलं.

सुयोग म्हणाला, "अवो, मला त्याच दिवशी सांगायचं की. पाच मिनिटांत दुसरा पास काढून दिला असता."

"दिला असतास. आन् मग समद्यांनी इचारलं असतं, कुंकू कुनी लावलं."

हे बोलताना त्यांनी आत्यांकडं पाहिलं नाही. मी या माणसाला हेवेखोर म्हटलं होतं. तो आठ दिवस कव्हर घेऊन धडपडत होता, की पासही वाचावा आणि आत्यांना काही कळूही नये.

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांनी वळून नुसतं पाहिलं, हसू जागच्या जागी थांबलं. मग त्या तात्यांना म्हणाल्या, "वरीसभर गिळून बसलास व्हय रे." त्यांनी पास डाव्या हातानं उचलून कव्हरात घातला, बोटावरचं कुंकू बॅगेच्या मुठीला लावलं आणि मला म्हणाल्या, "सोनल, पासाचा फोटू काढ. माझ्या फोनात बी घाल, सुयोगच्या बी." तात्यांनी बॅग उचलली ती थेट गाडीपर्यंत कुणाच्या हातात दिली नाही.

बुधवारी प्रदर्शन सुरू व्हायचं होतं. तिकडं नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं दुपारचे दीड. तात्या बारापासून आमच्याकडं होते. बागेत जायचे, परत यायचे, घड्याळ बघायचे, पुन्हा बागेत. मी दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. या वेळी मी त्यांना बसा म्हटलं नाही, मलाही बसवत नव्हतं. दीड झाला. पावणेदोन झाले. धरणाच्या पाण्यावरून वारा येत होता आणि केळीची पानं नुसती फडफडत होती. तात्या म्हणाले, "लाल दिवा लागला आसंल."

दोन वाजता फोन वाजला. पडद्यावर आत्या, साडीवर जाडजूड कोट, डोक्याला माकडटोपी.

"हिरवा लागला गं सोनल. आले आत. व्यापारी यायला अजून येळ हाय. तात्या हाय का तितं?"

"इथंच आहेत."

"फोन दे त्याच्याकडं."

तात्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. तिकडं आत्यांनी फोन उलटा फिरवला असावा, कारण पडद्यावर एकदम उंच छत आलं, दिवे आले, आणि लांबच लांब दोन्ही बाजूंना फळांच्या राशी. संत्री, सफरचंदं, नावं माहीत नसलेली कितीतरी. तात्या पायरीवर बसले. मी या घरात येऊन आठ वर्षं झाली, त्यांना असं टेकून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"दिसतंय का रे?" आत्यांचा आवाज आला. "हितनं दोन वाटा फुटत्यात. समदं जग तुला इचारून जातं, आता मला सांग. कुनीकडं जाऊ?"

तात्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"मला म्हाईत न्हाय, वहिनी," ते म्हणाले. "तुमी चाला. मी बघतो."