वाढवलेल्या बांगड्या

आमच्या घरात बांगडी फुटली की मी मोठ्याने म्हणतो, “फुटली!” बायको कानांवर हात ठेवते. चाळीस वर्षं झाली, तिने माझं हे बोलणं मनाला लावून घेतलं आहे. “वाढवली म्हणावं हो, जीभ झडेल का तुमची?” असं ती म्हणते. नवरा जिवंत असलेल्या बाईने बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या एका शब्दापायी एका बाईचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तो शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा वडगावच्या कचेरीत कारकून होतो. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. खटल्यात साक्षीदार बोलेल ते मराठीत लिहून घ्यायचं, हे माझं काम. माझ्या अक्षराचा आणि माझ्या कानाचा मला फार गर्व होता. साक्षीदार ‘न्हाई’ म्हणाला तर मी ‘नाही’ लिहीत नसे, ‘न्हाई’च लिहीत असे. मी मराठी लिहायचं, आणि त्याच वेळी मॅजिस्ट्रेट साहेब आपल्या हाताने इंग्रजीत टिपण करणार. कायद्याने कागद दोन होते. निकाल देताना उघडला जायचा तो एकच, साहेबांचा.

त्या उन्हाळ्यात साहेबांचा मुक्काम लोणावळ्याला होता आणि कोर्ट एका बंगल्याच्या पडवीत भरत होतं. साहेब गोरे, वयाने तरुण, आणि मराठीची परीक्षा पास झालेले. हीच खरी पीडा होती. मराठी अजिबात येत नसती तर दुभाषा बसवला असता. यांना येत होती, मुन्शीने शिकवली होती तेवढी. मुन्शीच्या पुस्तकात ‘वाढणे’ म्हणजे मोठे होणे आणि ताटात घालणे.

फिर्यादी होती कुरवंड्याची एक बाई, पंचविशीतली. नवरा घाटात रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. ही गवताचे भारे डोक्यावर घेऊन खंडाळ्याच्या बंगल्यांवर घोड्यांसाठी घालायची. एका बंगल्याच्या कारभाऱ्याने भारा आत ठेवायच्या निमित्ताने तिला तबेल्यात बोलावलं आणि तिचा हात धरला. ती ओरडली, झटापट केली आणि निसटून पळाली. फौजदाराने तक्रार लिहून घेतली नाही. गावात कुजबूज सुरू झाली होती. नवऱ्याने तिला सांगितलं होतं म्हणे, “सायबाम्होरं उभी ऱ्हा. सरकारी कागदावर खरं उतरलं, की समद्यांची तोंडं बंद.” म्हणून ती आली होती. वकील नव्हता, ओळख नव्हती. नवरा पायरीशी मुंडासं हातात घेऊन उभा होता.

शपथ झाली. तिने खालमानेने, पण न अडखळता सांगितलं. “त्यानं माजा हात धरला, आन् माज्या बांगड्या वाढवल्या.”

मी लिहिलं. ‘माजा’ला ‘माजा’च लिहिलं.

साहेबांची लेखणी थांबली. “वाढवल्या?” त्यांनी विचारलं.

“व्हय, वाढवल्या.”

“किती?”

तिला जरा नवल वाटलं असावं. “पाच,” ती म्हणाली.

मलाही नवल वाटलं. बांगड्या किती फुटल्या याच्याशी साहेबांना काय करायचं आहे, असं मनात आलं. पण कारकुनाने कोर्टात तोंड उघडायचं नाही, हे माझ्या हाडीमांशी भिनलेलं होतं. मी मूग गिळून ‘पाच’ लिहिलं. ती तेवढ्यात पदराची गाठ सोडू लागली होती. पट्टेवाला तिच्यावर खेकसला, “पदराशी चाळा काय करतेस साहेबांपुढं? नीट उभी राहा!” तिने हात खाली घेतला. त्या गाठीत काय आहे, हे विचारावं असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

शेवटी मी तिची जबानी तिला वाचून दाखवली. ‘वाढवल्या’ वाचलं, तिने मान हलवली. “बरोबर हाय, भाऊ,” म्हणाली आणि अंगठा उठवला. माझा कागद अक्षरशः खरा होता.

दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वकिलाने साहेबांच्या टिपणाची नक्कल मागितली आणि ती करायला माझ्यापुढे आली. इंग्रजी मला वाचण्यापुरतं येत होतं. मी उतरवत गेलो आणि एका ओळीवर हात थांबला. साहेबांनी लिहिलं होतं की आरोपीने तिचा हात धरला आणि तिच्या बांगड्यांत पाचाची भर घातली.

मी तसाच शिरस्तेदारांकडे गेलो. शिरस्तेदार म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून, केस पांढरे झालेले, घरात लेकीसुना असलेले. त्यांनी ओळ वाचली. त्यांना कळलं, कारण ते हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

“तू काय लिहिलं आहेस?” त्यांनी विचारलं.

“वाढवल्या.”

“ती काय बोलली?”

“वाढवल्या.”

“मग तुझं काय गेलं? साहेबांच्या हातचा कागद आहे. त्यांना जाऊन सांगणार का, की तुम्हाला मराठी येत नाही? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती चढली. नक्कल दे करून.”

मी नक्कल करून दिली. सुवाच्य अक्षरात, एक काना इकडचा तिकडे न होता. धचा मा करणारे निदान पाप करायला बसतात. आम्ही इमानेइतबारे बसलो होतो.

वकील पुण्याचे होते. मराठी माणूस. त्यांच्या आईच्या, बायकोच्या बांगड्या काय जन्मात कधी वाढल्या नसतील? नक्कल हातात पडताच त्यांनाही ते कळलं असणार. पण पुढच्या तारखेला त्यांनी साहेबांपुढे इंग्रजीत असं काही भाषण ठोकलं की यंव रे यंव. बाईने बांगड्या भेट म्हणून घेतल्या, मग तिला आणखी हवं होतं, ते मिळेना म्हणून कांगावा केला! आणि तिच्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाले, “साहेब, त्याच या बांगड्या. पाहा, अजून नव्या कोऱ्या आहेत.”

होत्याच नव्या. सवाष्ण बाई रिकाम्या हाताने राहील का? झटापटीच्या दुसऱ्याच दिवशी कासाराकडून भरून आली होती. ती भाषण समजल्यासारखा चेहरा करून उभी होती. बोट आपल्या हाताकडे आलं तेव्हा तिने हात पुढे केला. तिला वाटलं, बांगड्या वाढवल्या त्याचंच बोलणं चाललं आहे.

आरोपी सुटला. निकालाचा मतलब तिला मराठीत सांगायचं काम माझंच होतं. मी सांगितलं, की तू आरोपीकडून पाच बांगड्या घेतल्याचं तुझ्याच तोंडी आलं आहे, म्हणून फिर्याद खोटी धरली आहे.

“घेतल्या?” ती म्हणाली. “म्या कवा म्हनले घेतल्या? तुमीच लिवून घेतलं न्हवं?”

मी माझा मराठी कागद पुढे ओढला.

मग तिने पदराची गाठ सोडली. पट्टेवाला या वेळी काही बोलला नाही, साहेब उठून आत गेले होते. हिरव्या काचांचे तुकडे तिने माझ्या टेबलावर, माझ्या त्या खऱ्या कागदावर ओतले. काहींवर रक्त वाळून काळं झालं होतं.

“ह्या बगा, भाऊ. पाचाच्या किती झाल्यात त्या. आता लिव्हा, वाढवल्या म्हनून.”

नवरा पायरी चढून आला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमी सांगा ह्यांना,” ती म्हणाली. “म्या काय बोलले ते तुमच्या कानांनी ऐकलंय. ह्यांना तेवढं सांगा.”

मला सांगता आलं असतं. ‘अरे बाबा, बांगड्या फुटल्या असं ती म्हणाली, साहेबांना कळलं नाही.’ एवढंच. पलीकडे शिरस्तेदार कागद आवरत होते आणि माझ्याकडे बघत होते. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, “निकाल झाला आहे, बाई. कागदात आहे ते असं आहे.”

नवऱ्याने मुंडासं डोक्याला गुंडाळलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. “सरकारी कागूद हाय,” तो बायकोला म्हणाला. “त्यो कशाला खोटं बोलंल?”

आणि तो तिच्यासाठी न थांबता कुरवंड्याच्या वाटेला लागला.