सांगायचं काम

माझी वहिनी मुलींच्या एका बंद गृहात मानसशास्त्रज्ञ आहे. बंद म्हणजे खरंच बंद. प्रत्येक दाराला बाहेरून कुलूप, खाटा जमिनीला बोल्टनं आवळलेल्या, आरसासुद्धा काचेचा नाही, चकचकीत पत्र्याचा. नवीन मुलगी आली की आधी तिच्या बुटाच्या लेसा आणि कपड्यांच्या नाड्या काढून घेतात. कोर्टानं पाठवलेल्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या, पुन्हापुन्हा पळालेल्या, कुणावर तरी हात उचललेल्या मुली. सगळ्या अठराच्या आतल्या.

वहिनी तिथे लागली तेव्हा तिची कल्पना अशी होती, की आपण मुलींशी बोलू, त्यांचं ऐकू, हळूहळू गाठी सुटतील. पण लागून थोडेच दिवस झाले होते, एका मुलीचा भाऊ अपघातात गेला. अधीक्षकबाईंनी वहिनीला बोलावून घेतलं आणि हे तुम्हीच सांगा म्हणाल्या, तुमचं शिक्षणच बोलण्याचं आहे. वहिनीनं सांगितलं. ती पोर तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि अधीक्षकबाईंना वाटलं, काम छान पार पडलं. तेव्हापासून ते वहिनीच्या गळ्यात पडलं ते पडलंच. कुणाची आजी गेली, कुणाच्या बापाला शिक्षा लागली, कुणाच्या धाकट्या बहिणीला कुणीतरी दत्तक नेलं, की पाठवा वहिनीला.

तिनं त्याचीही एक रीत बसवून घेतली. एकदा एका लहान मुलीला ती म्हणाली होती, "तुझी आजी गेली." त्यावर पोरीनं विचारलं, "कुठे? आणि येणार कधी?" त्या दिवसापासून गेली, वारली, देवाघरी गेली हे सगळे शब्द वहिनीनं टाकले. ती सरळ 'मेली' म्हणायची. ऐकायला कठोर लागतं, पण त्या शब्दाला परत येण्याची फट नसते. खोलीत जायचं, आधी खाली बसायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. घोळवायचं नाही.

व्हायचं तेच झालं. मुलींनी तिचं नाव 'बातमी' ठेवलं. ती मधल्या वाटेत वळली, की खोल्याखोल्यांतल्या गप्पा थांबायच्या. दारावर टकटक केली, की आतून आवाज यायचा, "कोण?" आणि त्याचा अर्थ दारात कोण आहे असा नसायचा. एक आगाऊ मुलगी होती, तिला सगळ्या 'बोका' म्हणायच्या. ती गजांतून हात जोडून म्हणायची, "मॅडम, आज नुसतं हवामान सांगा." सगळ्या हसायच्या, वहिनीही हसायची. पण ज्या कामासाठी तिला ठेवलं होतं ते तिच्या हातून होईना. ती समोर बसली की मुली तिचे हात बघत बसायच्या. काही नाही, सहज आले, असं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसेना. इथे सहज कोण येतं?

हे काम पाळीपाळीनं सगळ्यांना द्या, असं तिनं अधीक्षकबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, नको तर ते सगळ्यांनाच असतं.

माझा दादा दातांच्या कवळ्या बनवतो. सुरुवातीला तो तिची थट्टा करायचा, माझी गिऱ्हाईकं निदान आपणहून तोंड उघडतात, म्हणायचा. नंतर त्यानं थट्टा सोडली. जेवताना वहिनी घास हातात घेऊन तशीच थांबायची आणि दादा तिच्याकडे न बघितल्यासारखं करायचा. मी एकदा तिला म्हटलं, सोड ना ही नोकरी. ती म्हणाली, "मी सोडली तर सांगायचं काम किल्लीवाल्या मावशींकडे जाईल. त्या दारातूनच ओरडून मोकळ्या होतील."

अशातच शिट्टी आली. पुढच्या दोन दातांत फट, त्यातून ती दिवसभर शिट्टी वाजवायची, म्हणून हे नाव. सावत्र बापावर तिनं कात्री चालवली होती. का चालवली, ते कोर्टात कुणी फार खोदून विचारलं नाही. आईनं साक्ष नवऱ्याच्या बाजूनं दिली, तेव्हा ती पोटुशी होती. शिट्टीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पट्ट्या असायच्या. एक जखम भरली की ती दुसरी करून ठेवायची. पण वहिनीला घाबरत नव्हती ती एकटीच. पहिल्याच भेटीत म्हणाली, माझं मरायला आहेच कोण? एक आई. ती काही मरत नाही.

तिच्याशी वहिनीचं खरं काम सुरू झालं. शिट्टी बोलायची, मध्येच गप्प व्हायची, पुन्हा बोलायची. भेटीच्या दिवशी मात्र सकाळपासून केस विंचरून बसायची. आई कधीच आली नाही. साक्ष द्यावी लागली तिला, नाहीतर तो तिला मारतो, असं शिट्टी स्वतःच आईची बाजू घेऊन सांगायची.

तिची अठरा वर्षं भरत आली, तसा पुढचा प्रश्न आला. घरी जाणार की कुठे? अधीक्षकबाईंनी वहिनीला आईकडे पाठवलं.

कोर्टाच्या प्रकरणानंतर त्यांनी घर बदललं होतं; नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या कठड्यावर तान्ह्या बाळाचे कपडे वाळत होते. आईनं आधी दार बोटभरच उघडलं, जिन्यात दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं, मग आत घेतलं. नवरा कामावर होता. बाळ कडेवर होतं, म्हणून ती उभ्यानंच बोलली, आणि तेही हळू, जणू भिंतीपलीकडे तो बसला आहे. वहिनीनं विचारलं, मुलीला घरी आणायचा काही विचार आहे का? निदान भेटायला याल का?

आई बराच वेळ बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "तिला सांगा, मी मेले."

वहिनीला वाटलं, रागानं म्हणते आहे. पण राग नव्हता.

"मेलेल्या आईवर पोरी रागवत नाहीत, मॅडम. चार दिवस रडेल आणि मोकळी होईल. मी जिवंत आहे आणि येत नाही, हे ती जन्मभर उगाळत बसेल."

वहिनी म्हणाली, मी खोटं सांगणार नाही. आई म्हणाली, मग तुम्हाला सुचेल ते सांगा, पण मी यायची नाही. दार लावण्याआधी तिनं विचारलं, हातावर अजून कापून घेते का? वहिनीनं हो म्हटलं. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी शिट्टीच्या खोलीत जाऊन बसली. हात गुडघ्यांवर गेले आणि तिच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला. शिट्टीची शिट्टी थांबली.

"मेली?"

"नाही. जिवंत आहे. मी काल तिला भेटले. ती तुला घरी नेणार नाही आणि भेटायलाही येणार नाही."

शिट्टी पत्र्याच्या आरशाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "बाळ कसं आहे दिसायला?"

"मुलगा आहे. कान तुझ्यासारखे आहेत."

"बाहेर कुणाला सांगू नका," शिट्टी म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून पडली. वहिनी तिथेच बसून राहिली. शेवटी मावशींनी येऊन वेळ संपल्याचं सांगितलं.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत शिट्टीनं सगळ्यांना सांगितलं, की तिची आई मेली. 'बातमी'च आली होती सांगायला. ते कुणाला पटणार नाही? सकाळी वहिनीला तिच्या खोलीत जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं. बोक्यानं आपल्या वाटणीचं दूध तिच्यापुढे सरकवलं. जिचं शिट्टीशी हाडवैर होतं, तिनं तिची वेणी घालून दिली. झोपायच्या वेळी दारं बंद झाल्यावर दोन्हीकडच्या मुली भिंतीवर हळूहळू थापा मारत राहिल्या, एकटी नाहीस एवढं कळावं म्हणून. किल्लीवाल्या मावशींच्याही डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्या एक शब्द गोड बोलत नसत.

वहिनीला दुसऱ्या दिवशी सकाळी हे कळलं. मावशी म्हणाल्या, बिचारीची आई गेली हो, आणि वहिनी काहीच बोलली नाही. अधीक्षकबाईंनी मात्र तिला केबिनमध्ये घेऊन फैलावर घेतलं. खोटं खपवून कसं घेता? वहिनीचं म्हणणं एवढंच, की तिला मी खरं तेच सांगितलं आहे, लोकांना काय सांगायचं ते तिचं तिनं ठरवावं.

दादानं हे तिच्याकडून खोदून खोदून काढून घेतलं, आणि त्याला ते मुळीच पटलं नाही. मलाही नाही. मी तिला विचारलं, उद्या त्या पोरीनं स्वतःच हे खरं मानलं तर? वहिनी म्हणाली, "मला नाही माहीत गं. मायेचा हात फिरला तिच्यावर पहिल्यांदा. तो कुठल्या तोंडानं काढून घेऊ?"

हातांवरच्या पट्ट्या निघाल्या, हे खरं. नवी जखम झाली नाही. पण शिट्टी वाजवणंही बंद झालं. वहिनीसमोर बसून ती 'आई होती तेव्हा' अशी सुरुवात करायची, आणि खोलीतल्या दोघींनाही खरं माहीत असायचं. हे भरून येणं आहे की आत कुजणं, हे वहिनीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मग एका भेटीच्या दिवशी आई फाटकाशी आली. एक डोळा सुजून बंद झालेला, कडेवर बाळ, हातात कपड्यांची पिशवी. नवऱ्याला सोडून आले, म्हणाली. मुलीला भेटायचं आहे.

वहिनी वर गेली. सगळ्या मुली मोठ्या खोलीत बसल्या होत्या. तिनं शिट्टीला बाजूला बोलावलं, पण शिट्टी जागची हलली नाही. जे काय आहे ते इथेच सांगा, म्हणाली. वहिनी तिच्याजवळ खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, खाली तुला भेटायला कुणी आलंय. बाळ आहे सोबत.

सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिट्टी म्हणाली, "माझं कुणी येणार नाही. माझी आई मेली. तुम्हीच तर सांगितलंत."

सगळ्या वहिनीकडे बघत होत्या. एका वाक्यात ती शिट्टीला उघडं पाडू शकत होती. ती म्हणाली, "बरं." आणि उठली.

खाली येऊन ती बाकावर आईशेजारी बसली. पहिल्याच वाक्यात सांगितलं, की ती येणार नाही. आईनं विचारलं, "मी मेले असं सांगितलंत का शेवटी?"

"मी नाही. तिनंच सगळ्यांना सांगितलंय."

आई फाटक बंद होईपर्यंत तिथे बसली. बाळ रडलं तेव्हा त्याला घेऊन चालत राहिली, पुन्हा बसली. पुढच्या भेटीच्या दिवशी आली, त्याच्या पुढच्याही आली. प्रत्येक वेळी वहिनी वर जाऊन विचारायची आणि शिट्टी मान हलवायची. नंतर आई यायची थांबली. नवऱ्याकडे परत गेली, असं कुणी म्हणालं. दुसरं शहर गाठलं, असंही कुणी म्हणालं.

अठरा पूर्ण झाल्यावर शिट्टी एका वसतिगृहात गेली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला चादरी धुण्याचं काम मिळालं. वर्ष उलटलं असेल, एका रविवारी सकाळी ती वहिनीच्या दारात उभी राहिली. हात सोड्यानं सोललेले. घरात यायला तयार होईना. दादानं उंबऱ्यावरच तिला चहा दिला. तिनं वहिनीला एकच विचारलं: तुम्हाला ते घर माहीत आहे ना? माझ्याबरोबर येता?

दोघी गेल्या. तिसरा मजला, तोच कठडा. दार एका म्हाताऱ्या गृहस्थानं उघडलं. आधीचे लोक कधीच गेले, म्हणाला, भांडणं फार व्हायची, मालकानंच काढलं. कुठे गेले? त्याला माहीत नव्हतं. खालच्या दुकानदारालाही नव्हतं. त्या बाईला दवाखान्यात नेलं होतं एवढं त्याला आठवत होतं, पण ती परत आली की नाही, ते नाही. वहिनीनं त्या भागातली दोन इस्पितळं पालथी घातली, पोलीस ठाण्यातही विचारून आली. काही लागलं नाही हाती.

दोघी बसथांब्यावर येऊन बसल्या. शिट्टीला रात्रपाळीला जायचं होतं. बस दिसली तशी ती उठली आणि वहिनीला म्हणाली, "बाळ आता बोलायला लागलं असेल. माझ्याबद्दल काय सांगितलं असेल हो त्याला?"

वहिनी म्हणाली, माहीत नाही.

शिट्टी बसमध्ये चढली. वहिनी चालत घरी आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं दादाला आपणहून सगळं सांगितलं.