म पर्यंतचं जग

मला म च्या पुढचं जग माहीत नाही. युरोप, रशिया, लोणार, सगळं ऐकीव. अ ते म मात्र झोपेतून उठवून विचारा.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शिरवणे गावाभोवती नव्या शहराचे सेक्टर उभे राहिले आणि एका सोसायटीच्या ऑफिसात वाचनालय निघालं. तिथे काचेच्या कपाटात ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते. किल्ली ग्रंथपाल काकांच्या खिशात. काका मुंबईतल्या कुठल्याशा कचेरीतून रिटायर होऊन फ्लॅटमध्ये राहायला आलेले, शुद्ध भाषेचे फार कडक. मी तेव्हा पाचवीत. पहिल्याच दिवशी इ च्या पानांत अर्धा तास ‘इंचू’ शोधत बसले. सापडेना म्हणून विचारलं, तर काका टेबलावर हात आपटून हसले. पेपर वाचणारे दोघं-तिघंही हसले.

“अगं, विंचू! व मध्ये असतो तो. आता अ पासून क्रमाने वाच, म्हणजे भाषा सुधारेल. एक खंड संपल्याशिवाय पुढचा मिळणार नाही.”

मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, वाचतेच! आणि मला नुसत्या विंचवापर्यंत जायचं नव्हतं, श पर्यंत जायचं होतं. शिरवणं त्या कोशात आहे का, ते बघायचं होतं. अजिंठा आहे, अफगाणिस्तान आहे, मग आमच्या गावाने काय घोडं मारलंय?

दोन वर्षं शाळा सुटली की मी तिथे. गणिताची सूत्रं तेवढी गाळायचे. कुस्ती वाचली, चहा वाचला, जपान वाचला, तमाशा वाचला. थोर माणसांच्या नोंदीत जन्म कुठे झाला ते आधी बघायचे. राजवाड्यात जन्मलेले होते, झोपडीत जन्मलेले होते, एक तर जहाजावर जन्मलेला होता. आगरावर जन्मलेलं कुणीच नव्हतं. आगर म्हणजे मिठागर. माझे बाबा तिथेच राबायचे.

सातवीत म चा खंड हातात आला आणि त्यात मीठ निघालं. मी ती नोंद वहीत उतरवून घेतली, घरी बाबांना वाचून दाखवली. खाऱ्या पाण्याची वाफ होऊन मीठ तयार करतात, असं काहीसं होतं. बाबांना अक्षर येत नव्हतं, पण मध्येच हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

“तयार करतान? मीठ पिकतं गो बाय. बनवतान ती दारू. ज्यानी ह्या लिवलाय, तो आगरान कदी आयला नाय.”

दुसऱ्या दिवशी मी खंड उघडला, ‘तयार करतात’ वर काट मारली आणि समासात निळ्या बॉलपेनने ठसठशीत लिहिलं: मीठ पिकतं. शिरवण्यात विचारा.

काकांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. खंड ओढून घेतला, कपाट बंद केलं. “माफीपत्र आण. ‘मी चुकीचं लिहिलं’ एवढं कबूल कर, तरच पुढचा खंड मिळेल. नाहीतर उद्यापासून इथे यायचं नाही.”

घरी बाबाच मला समजावू लागले. “लिव ना गो. तुला अजून वाचाचा हाय.” त्यांच्याच शब्दासाठी मी भांडत होते आणि माझ्यासाठी ते तो सोडायला तयार होते. मला रडू आलं, रागही आला. रात्रभर नाही, पाच मिनिटं विचार केला आणि पत्र लिहिलं: ‘पुस्तकावर लिहिलं ही माझी चूक झाली, माफ करा. लिहिलं ते बरोबर आहे.’

काकांनी ते वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं आणि दाराकडे बोट दाखवलं. मी चप्पल घातली आणि निघाले.

पुढे कितीतरी वाचनालयं पालथी घातली, तोच कोश समोर दिसला, पण श चा खंड मी कधी काढला नाही. त्यात शिरवणं आहे की नाही, मला आजही ठाऊक नाही. नसलं तर नसू दे. म मध्ये आम्ही आहोत. मीच लिहिलंय.