दोन बोटं कमी

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. चौथीत शाळा सोडली, पण माणूस मला वाचता येतो.

बेल्हे गावच्या बाजाराजवळ गाड्यांच्या सीटा शिवणारा एकजण होता. चाळिशीचा, एकटा, कॉलरला कायम दाभण टोचलेला. रेक्झिन दोन बोटं कमीच कापायचा. "वापरून सैल व्हतं बाबा," म्हणायचा आणि सीटेवर थाप मारायचा.

त्या वर्षी तो उरलेल्या फोमचं चिलखत करत होता. मोबाइलच्या खेळातल्या वीरांसारखे वेश करून पुण्यात लोक जमतात, तिथं त्याला एकदा जायचं होतं. विकत काही आणलं नाही. पंक्चरच्या सोल्युशननं तुकडे चिकटवले, वर बैलांच्या शिंगांचा उरलेला सोनेरी रंग दिला. लांबून पितळच वाटायचं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी शिवायला दिलेली ट्रॅक्टरची सीट आणायला गेलो. ती अजून भरायची होती. त्यानं चिलखत चढवलं, तर ते छातीवर मिटेना. सवयीनं तेही दोन बोटं कमी कापलेलं.

"मधी पट्टी घाल," मी म्हणालो.

"जल्मभर जोडच देतोय, बाबा. ह्यात नको व्हता."

शेजारचा चहावाला हसला, "राव, बैलाला घाला की."

त्यानं चिलखत उतरवलं. चिलखताचे तुकडे केले, माझ्या सीटेत भरले, वर रेक्झिन ताणून शिवलं आणि थाप मारली. थाप रोजच्यासारखीच बसली, त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सीट बसवली, पण शेतापर्यंत ट्रॅक्टर उभ्यानंच चालवला.